वॅनला पत्ता दिसतोय, तरी इंटरनेट का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की तिच्यातलं अर्धं बरोबर आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (मोडेम म्हणजे बाहेरची लाइन घरात आणणारी पेटी, राऊटर म्हणजे ते इंटरनेट घरात वाटणारी, आणि वॅन म्हणजे राऊटरची मोडेमकडची, बाहेरची बाजू; तिचा रकाना राऊटरच्या सेटिंगच्या पानावर असतो): "वॅनच्या रकान्यात पत्ता दिसला की मोडेमपर्यंतचं काम झालं, असं तुम्ही लिहिलंत. मला १९२.१६८.१.५ दिसत होता, इंटरनेट मात्र नव्हतं. तुमच्या भरवशावर वायफायच्या सेटिंगमध्ये संध्याकाळ घालवली. तंत्रज्ञ आला आणि दोन मिनिटांत करून गेला. सामान्य माणसाला आकडे वाचायला लावण्यापेक्षा 'सगळं बंद करून चालू करा' एवढं लिहिलं असतंत तरी पुरलं असतं."

आधी माझी चूक. ते वाक्य मी ढिलं लिहिलं. पत्ता आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, तो कसला आहे हे बघावं लागतं. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते जगात लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात आणि उघड्या इंटरनेटवर चालत नाहीत. तुमच्या राऊटरला बाहेरच्या बाजूने असला पत्ता मिळाला, याचा अर्थ बहुधा एवढाच की ज्याला आपण मोडेम म्हणतो ती पेटी स्वतःच राऊटरचंही काम करते आणि पत्ते वाटते. तुमच्याकडे एकामागे एक दोन राऊटर होते.

एवढ्यानेही इंटरनेट बंद पडत नाही. पत्त्यांचं भाषांतर (राऊटर घरातल्या पत्त्याच्या जागी आपला बाहेरचा पत्ता घालतो ते) दोनदा होतं, बाहेरून घरातला कॅमेरा बघताना किंवा काही ऑनलाइन खेळांत अडचण येते, पण साधी पानं उघडतात. तुमचं घोडं अडलं ते माझ्या मते दुसरीकडे. तुमच्या राऊटरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१ असणार, बऱ्याच राऊटरचा तोच असतो. मोडेमचाही तोच. आता फोनने एखादं पान मागितलं की राऊटर ती मागणी बाहेर द्यायला १९२.१६८.१.१ ला शोधतो, आणि तो तर तो स्वतःच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसली गत. काही राऊटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात. तुमचा तसा नसावा.

यावर उपाय म्हणजे राऊटरच्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या बाजूच्या, सेटिंगमध्ये पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काही करायचा. राऊटर पुन्हा सुरू होतो, आणि यापुढे त्याचं सेटिंगचं पान नव्या पत्त्यावर उघडतं (हे विसरून मी एकदा तासभर जुन्याच पत्त्यावर डोकं आपटलंय). नाहीतर मोडेम ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे तो राऊटरगिरी सोडून देतो. ब्रिज केल्यावर काही ठिकाणी इंटरनेट कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड राऊटरमध्ये भरावे लागतात, तेव्हा ते आधी हाताशी ठेवा.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र भांडतो. "सगळं बंद करून चालू करा" या सल्ल्याला मी हसत नाही. तो चालतो, आणि का चालतो हेही सांगता येतं. बरेच केबल मोडेम सुरू झाल्यावर ज्या पहिल्या यंत्राला पाहतात त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) धरून बसतात. राऊटर नवा आणला तरी मोडेम जुन्याचीच वाट बघतो आणि वॅनला ०.०.०.०, म्हणजे पत्ताच नाही, असं दिसत राहतं. अशा वेळी नुसता राऊटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही. दोन्ही बंद करायचे, आधी मोडेम लावायचा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्यायचे, मगच राऊटर. फोनची सोय असलेल्या काही मोडेममध्ये बॅटरी असते, त्यामुळे प्लग काढला तरी तो जागाच राहतो.

संगणक थेट मोडेमला जोडून पाहतानाही हेच: मोडेम पुन्हा सुरू केल्याशिवाय "मोडेमच बिघडलाय" असा निकाल देऊ नका. संगणकाचं वायफाय बंद ठेवा, आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की कुणी पत्ता दिलाच नाही, संगणकाने तो स्वतःच घेतला.

पण तुमच्याकडचा बिघाड पत्त्यांच्या टकरीचा होता, आणि ती कितीही वेळा बंद-चालू केलं तरी जशीच्या तशी परत आली असती. ती ओळखायला तो आकडाच वाचावा लागतो. आणि बंद-चालू करणं म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं नव्हे. त्याने सगळी सेटिंग पुसली जाते, भरलेला पासवर्डही.

तंत्रज्ञाने काय केलं हे बघायचं असेल तर राऊटरचं पान उघडा. वॅनला आता १९२.१६८ नसून दुसराच पत्ता असेल तर मोडेम बहुधा ब्रिजवर गेला. तोच पत्ता असेल, पण घरातला बदलला असेल, तर त्याने लॅन बदललं. आणि वॅनचा रकाना रिकामाच असेल, किंवा पान जुन्या पत्त्यावर उघडतच नसेल, तर राऊटरच्या मागेही बघा: केबल वॅनच्या पोर्टमधून काढून लॅनच्या पोर्टात घातलेली सापडू शकेल. हेही चालतं, फक्त मग तुमचा राऊटर राऊटर न राहता नुसता वायफाय देतो.

लेखातलं ते वाक्य खोडून त्याखाली तुमचा १९२.१६८.१.५ उदाहरण म्हणून घातला आहे. या तिन्हींपैकी काय निघालं ते कळवा, तेही जोडतो.