काजूत बिब्बा

तो मेसेज घरच्या ग्रुपवर पहिल्यांदा आला तेव्हा मी हसून सोडून दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मुंबईच्या काकांनी त्याखाली हात जोडून ठेवले होते. तिसऱ्यांदा तो मला दिसला तो आत्येच्या डाव्या गुडघ्यावर. भाकरीच्या आकाराचा फोड, कडेने काळपट, मधे पाणी.

मेसेजचं नाव 'काजू आपलाच!'. ज्यांची त्यातून सुटका झाली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काजू हा शब्द संस्कृत 'काय' आणि 'ऊर्जा' यांपासून झाला म्हणे. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावरून ब्राझीलला नेला आणि मग तिथला म्हणून जगाला विकला. थाई भाषेत काजूच्या नावात हिमालय आहे. इंग्रजी 'कॅश्यू' हा 'काशाला आठ' (काश म्हणजे तिथलं नाणं) या मलबारी भावाचा अपभ्रंश. फेणी हा शब्दही संस्कृतच. आणि सगळ्यात शेवटी, लाल अक्षरांत: चरकसंहितेतलं 'भल्लातक' म्हणजेच काजू, म्हणून कच्च्या काजूबीचं तेल सांध्यांना चोळा, संधिवात मुळापासून जातो.

मी शेवटापासून सुरू करतो. बाकीचं नुसतं खोटं आहे, हे भाजणारं आहे.

आमची आत्ये वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. घरामागे तिची पाच-सहा काजूची झाडं आहेत, त्यातली दोन 'वेंगुर्ला-चार'ची कलमं. फाल्गुनात ओले काजूगर काढायला बसली की आधी हातांना खोबरेल फासणार, वर राखाडी, आणि मगच बीला हात. पोरांना जवळ फिरकू देत नाही, चीक डोळ्यांत उडेल म्हणून. म्हणजे काजूचा चीक काय करतो हे या बाईला शिकवायची गरज नाही. तरी तिने चार कच्च्या बिया पळीत तापवल्या, टोचून तेल काढलं, गुडघ्याला चोळलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि झोपली. सकाळी पट्टीबरोबर कातडं आलं. डॉक्टर म्हणाले, ही भाजल्याचीच जखम. तीन आठवडे ड्रेसिंग चाललं.

"आत्ये, तुका म्हायत नाय चीक कसो लागता तो?" मी विचारलं.

"म्हायत आसा रे झिला. पण चरकान लिवल्यान म्हटल्यावर मी काय बोलतलंय?"

या उत्तराने माझं डोकं फिरलं, आणि हे लिहायला बसलो. साठ वर्षं बोटांनी शिकलेली गोष्ट एका मेसेजने पुसून टाकली.

तर चरकाचं. भल्लातक म्हणजे बिब्बा. काजू नव्हे. धोबी ज्याने कपड्यांवर खुणा करायचे तो, लहान बाळाच्या मनगटात काळ्या दोऱ्यात असतो तो, आणि कुणी जमत आलेल्या कामाची माती केली की आपण 'बिब्बा घातला' म्हणतो तोच. चरकाने या भल्लातकाला अग्नीसारखं तीक्ष्ण म्हटलंय, आणि विधीनुसार वापरलं तरच अमृतासारखं. वैद्यमंडळी बिब्बा औषधात घेण्याआधी विटेच्या चुऱ्यात घासघासून त्याचं तेल उतरवतात, आणि रोग्याला देतानाही तोंडाला तूप लावून देतात. एवढी सगळी भीती ज्याला त्या ग्रंथातच लिहिलेली आहे, त्याच्या नावाने भलतीच बी पळीत तापवून रात्रभर बांधून ठेवायची? 'बिब्बा उतणं' हा शब्दप्रयोग आपल्याकडे आहे तो काही उगाच नाही.

काजूच्या सालीचे दोन थर असतात आणि मधल्या जाळीत तेल भरलेलं असतं. त्यात ॲनाकार्डिक ॲसिड आणि कार्डोल. हे तेल कारखान्यात वेगळं काढतात ते व्हार्निशसाठी आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरासाठी. गुडघा म्हणजे ब्रेक नव्हे.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. बिब्बा आणि काजू हे खरोखरच एकाच कुळातले. आंबाही त्याच कुळातला, म्हणून आंब्याच्या देठाचा चीकही ओठाला लागला की उततो. पण चुलतभाऊ म्हणजे तोच माणूस नव्हे, हे कोकणात तरी समजावून सांगायला नको. जमिनीच्या दाव्यांत विचारा.

आणि हा घोटाळा त्या मेसेजवाल्याच्या आधी मोठमोठ्यांनी करून ठेवलाय. युरोपातले जुने औषधवाले 'ॲनाकार्डियम' म्हणायचे ते बिब्ब्याला, त्याच्या हृदयासारख्या आकारावरून. ग्रीकमध्ये 'कार्डिया' म्हणजे हृदय. 1753 साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच नाव उचलून काजूला दिलं, ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे पश्चिमेकडचा. मग बिब्ब्याला नवं नाव शोधावं लागलं, सेमेकार्पस, खुणेचं फळ, आणि त्याला शेपूट मात्र 'ॲनाकार्डियम' हेच राहिलं. म्हणजे काजूने बिब्ब्याचं नाव घेतलं आणि बिब्ब्याच्या हाती आडनाव ठेवलं. हे अर्धवट वाचून कुणी 'दोन्ही एकच' म्हणालं असेल, तर त्याचं पाऊल कुठे घसरलं ते मला दिसतं. पण घसरलं ते घसरलंच.

खरी गंमत त्या मेसेजवाल्याच्या हातून निसटली ती आपल्या शेजारच्या भाषांत आहे. आपल्याकडे थंडीच्या लाडवात गोडंबी घालतात. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. कारवार ओलांडून कन्नड मुलखात दुकानदाराला 'गोडंबी' म्हणा, तो काजू देईल. मंगळूरकडच्या सारस्वतांच्या कोंकणीत कोवळ्या काजूगराला 'बिब्बो' म्हणतात, आणि लग्नाच्या पानात 'बिब्बे उपकरी' असते. मराठी माणूस नाव ऐकून दचकतो आणि चव घेतल्यावर वाढा म्हणतो. तेलुगूत काजूच्या झाडाला 'जीडिमामिडि': जीडि म्हणजे बिब्बा, मामिडि म्हणजे आंबा. बिब्बा-आंबा! तिन्ही एका कुळातले हे लिनियसच्या पुस्तकाविना त्यांना कळलं होतं. मल्याळममध्ये तर 'परंगिमाव', फिरंग्यांचा आंबा. पार पूर्व आफ्रिकेत, स्वाहिलीत, बोंडूला, म्हणजे काजूच्या रसाळ फळाला, 'बिबो' म्हणतात, हे ऐकून मंगळूरवाल्यांनी कान टवकारावेत.

आता मला सांगा, झाड जर वेदकाळापासून इथलं असतं, तर इतक्या भाषांना त्याच्यासाठी दुसऱ्याचं नाव उसनं का घ्यावं लागलं असतं? आंब्याला कुणी 'अमक्यासारखा तमका' म्हणत नाही. बिब्ब्यालाही नाही. नव्याने आलेल्या सुनेला आधी 'अमक्याची बायको' म्हणतात, तसंच हे. मल्याळी माणसाने तर ती कुठल्या गलबतातून उतरली तेही नावात लिहून ठेवलंय.

मग 'काजू' कुठला? 'काय-ऊर्जा' म्हणणाऱ्याने आठवीतल्या संस्कृताच्या पोराला संधी विचारायचा होता. काय अधिक ऊर्जा, कायोर्जा. त्यातून काजू काढायला काजू भाजायच्या घमेल्यात व्याकरण भाजावं लागेल. (घमेलंही पोर्तुगीज, 'गामेला'. असू दे.)

ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांच्या भाषेत या झाडाला आणि फळाला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचं केलं 'काजू', पहिला 'अ' कधी ठेवून, कधी गाळून. तोच आपल्याकडे उतरला, मलय भाषेत 'गाजुस' झाला, इंग्रजीत 'कॅश्यू'. फ्रेंचांनी 'आकाजू' हे नाव भलत्याच झाडाला, महोगनीला, लावलं. त्यामुळे फ्रान्सात 'आकाजू'चं कपाट मिळतं. स्पॅनिश बोलणाऱ्या मध्य अमेरिकेत तो 'मारान्योन' आहे. तुपी भाषेत याच शब्दाचा आणखी एक अर्थ होता: वर्ष. काजूचा एक हंगाम म्हणजे एक वर्ष, आणि माणसाचं वय त्या हंगामांनी मोजायचं. झाड परवा गलबतातून उतरलेलं असतं तर त्याच्यावर कुणी वय मोजलं नसतं.

ज्यांना पुरावा छापील हवा त्यांनी हॉब्सन-जॉब्सन उघडावा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 1886 चा कोश, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा. 'कॅश्यू'ची नोंद काढा. झाड अमेरिकेतलं, पोर्तुगीजांनी लवकरच इथे आणलेलं; नाव दक्षिण अमेरिकेतलं, त्याचं हिंदुस्थानी रूप काजू. तिथेच असंही आहे की सतरावं शतक संपायच्या कितीतरी आधी ते इथे रानझाडासारखं सर्वदूर पसरलं होतं. म्हणून आपल्या पणजोबांना ते इथलंच वाटलं असेल तर त्यांना दोष नाही. त्यांच्याकडे कोश नव्हता. काकांच्या हातात सगळं जग शोधता येईल असा फोन आहे.

आणि एक साक्षीदार आपल्या दारातला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात बिब्ब्यावर प्रकरण आहे. काजूवर नाही. दिसेल ते फळ चाखून त्याच्यावर पान-पान लिहिणारा हा माणूस, गोव्यात काजूची वनं असती तर गप्प बसला असता? पंधरा वर्षांनी, 1578 मध्ये, क्रिस्तोव्हाओ द कोस्ताने पुस्तक लिहिलं त्यात मात्र काजू हजर. या दोन तारखांच्या फटीत कुठला 'वैदिक काजू' बसवायचा, ते मेसेजवाल्याने सांगावं.

'इथून ब्राझीलला नेला' याला आता वेगळं उत्तर द्यायला नकोच, पण देतो. काजूच्या प्रजातीतली सगळी रानटी भावंडं अमेरिका खंडात वाढतात, आपल्याकडे एकही नाही. एकाच पोराला उचलून नेलं आणि तिथे त्याला जंगलभर सख्खे भाऊ सापडले, असं तर होत नाही ना?

थाई नावाचं म्हणाल तर ते खरं आहे. 'ममुआंग हिम्मफान', हिमवंताचा आंबा. पण हिम्मफान म्हणजे बौद्ध कथांमधलं अद्भुत वन, जिथे किन्नरी राहतात. परदेशातून आलेल्या विचित्र फळाला थाई लोकांनी कथेतल्या वनाचं नाव दिलं, झालं. थंडीने कडकडणाऱ्या हिमालयात काजू लावून बघा, हिमकणाने पहिल्याच वर्षी मरेल.

'काशाला आठ' हा किस्सा गोड आहे, चहाबरोबर चालेल. इंग्रजांना 'कॅश्यू' हा शब्द पोर्तुगीजांकडून मिळाला, बाजारभावातून नव्हे.

राहिली फेणी. बरं, घ्या. 'फेन' म्हणजे फेस, बाटली हलवली की वर बुडबुड्यांची माळ धरते तीच पारख, आणि नाव त्यावरूनच पडलं असं बहुतेक सगळे मानतात. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शब्द आपला. पण शब्द जुना म्हणून बाटलीतलं फळ जुनं होत नाही. माडाची फेणीही आहेच की, आणि माड तर काजूच्या कितीतरी आधीपासून इथे उभा आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दाखवला आणि अर्ध्या तासाने 'सुप्रभात' पाठवलं, दुपारी चार वाजता.

आत्येला मात्र समोर बसून सांगितलं. चरक, ओर्ता वगैरे तिने कानामागे टाकलं. तुपी लोक वय काजूवर मोजायचे, एवढंच तिला आवडलं. गुडघ्यावरची नवी गुलाबी कातडी बोटाने चाचपत म्हणाली, "म्हणजे माझे पंचात्तर काजू झाले." मग परसातल्या झाडांकडे बघून म्हणाली, "नाय रे, चव्याहत्तर. ह्या वर्साक मोहर करपलो. ह्यो धरू नको."