“आधी क्रांती, मग बायकांचं बघू” वाल्या पोस्टला उत्तर

एक पोस्ट सध्या जाम फिरतेय, मलाच चौघांनी पाठवली. म्हणणं असं की डाव्या चळवळीत सगळे कॉम्रेड, तिथे बाई-पुरुष भेद नाहीच, वर्गलढा जिंकला की बायकांचे प्रश्न आपोआप सुटतील, आणि मध्येच हा विषय काढणाऱ्या मध्यमवर्गीय बाया चळवळीत फूट पाडतायत. मी स्वतः डावी आहे, म्हणून जास्तच चिडलेय.

आधी ते “आपोआप” घेते. अहो क्रांती होऊन गेलीये की! सोव्हिएत रशियात १९१९ ला बायकांसाठी पक्षाचा खास विभाग निघाला, झेनोतदेल, १९२० ला गर्भपात कायदेशीर झाला, सगळं छान. मग १९३० मध्ये स्त्रियांचा प्रश्न सुटला असं सांगून तो विभागच गुंडाळला आणि १९३६ ला गर्भपातावर परत बंदी, आता पक्षात यावर भांडणार कोण? चीनमध्ये यानआनला, म्हणजे तेव्हाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या तळावर, डिंग लिंगनं १९४२ च्या महिला दिनाला लिहिलं की इथे बाईनं लग्न केलं तरी बोलतात, नाही केलं तरी बोलतात. ती पक्षाचीच लेखिका, तरी तिलाच जाहीर चूक कबूल करायला लावली.

सगळे कॉम्रेड सारखे? माकप १९६४ ची, पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीत, पहिली बाई वृंदा कारत, २००५ ला. एक्केचाळीस वर्षं! केरळात १९८७ ला माकपच्याच ज्येष्ठ नेत्या गौरी अम्मा मुख्यमंत्री होणार असंच वातावरण होतं, झाले नायनार. आणि जर्मन कम्युनिस्ट नेत्या क्लारा झेटकिनचं नाव मोठ्या तोऱ्यात घेता ना, तिच्याच आठवणीत आहे की कामगार बायकांच्या बैठकीत लग्न आणि सेक्सवर चर्चा होते म्हणून लेनिननं तिला झापलं होतं.

मध्यमवर्गीय बायांचं खूळ म्हणे. तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात (१९४६-५१) गावोगावच्या शेतकरी बायका होत्या, काहींच्या हातात बंदुका होत्या, आणि लढा संपल्यावर कित्येकींना सांगितलं गेलं की जा आता, संसार बघा. त्यांनी हे नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

राहिली फूट. १९६८ ला फ्रँकफर्टमध्ये डाव्या विद्यार्थी संघटनेच्या अधिवेशनात हेल्के सँडर बायकांच्या प्रश्नावर बोलली, पुरुष मंडळी चर्चा न करता पुढच्या विषयाकडे निघाली, तेव्हा एकीनं थेट टोमॅटो फेकून मारले (मला तो प्रसंग फार आवडतो). ब्रिटनच्या सोशलिस्ट वर्कर्स पार्टीत एका बड्या नेत्यावर बलात्काराचा आरोप झाला, तर चौकशी पक्षाच्याच समितीनं केली, त्यात त्याला ओळखणारे लोक. २०१३ मध्ये हे बाहेर आल्यावर शेकडो जण पक्ष सोडून गेले. यातली फूट तक्रार करणारीच्या खात्यावर मांडायची का?

बाय द वे, आमच्या ग्रुपवर ही पोस्ट ज्यानं टाकली त्यानंच खाली लिहिलं होतं की रविवारच्या मीटिंगचे मिनिट्स ताई तुम्हीच घ्या, तुमचं अक्षर चांगलंय.