पट्टा भिंतीवर, हिशेबाची वही कोणाकडे?

गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे जंगलावरचा गावाचा हक्क मान्य करणारा कागद, मिळाला की मदत करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या वार्षिक अहवालात फोटो येतो. हार, कागद, टाळ्या. माझं मत विचाराल तर संस्थेची गरज त्या फोटोच्या आधी दोन वर्षं असते आणि नंतर तेंदूपान तोडणीचे दोन-तीन हंगाम. फोटोच्या दिवशी ती नसली तरी चालतं.

आधीचं काम कागदांचं. वनहक्क कायदा २००६चा, नियम २००८चे, त्यांत २०१२ साली मोठी सुधारणा. सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना 'क'मध्ये जातो. गडबड होते ती ग्रामसभा कोणती इथपासून. पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, टोल्याची (वस्तीची) स्वतःची ग्रामसभा असू शकते; पण पाच टोल्यांची एकच बैठक ग्रामपंचायतीत उरकली जाते. तिथे हद्दीबद्दल कोणी बोलत नाही आणि भांडण मग पाहणीच्या दिवशी जंगलात उभं राहतं. गणपूर्तीला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या की रजिस्टर बघणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण सगळ्या सह्या एकाच पेनाच्या असतात.

पाहणीची सूचना वन आणि महसूल विभागाला लेखी द्यायची आणि पोच फाईलला लावायची. २०१२च्या नियमांनुसार त्यांनी हजर राहून अभिप्रायासह सही करायची असते. पोच नसेल तर "आम्हाला कळवलंच नाही" हे उत्तर ठरलेलं. हद्द आधी नाला, टेकडी, देवस्थान अशा खुणांनी लिहावी, वनविभागाने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले कक्ष क्रमांक त्यानंतर. नुसते क्रमांक लिहिले तर गावातल्या म्हाताऱ्यांना तपासता येत नाही, आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते. पुरावे एकाहून अधिक हवेत. विदर्भात निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद, भक्कम ठरतं, जोडीला वृद्धांचे लेखी जबाब. उपग्रहाचा नकाशा पूरक आहे, बाकी पुराव्यांची जागा तो घेत नाही. ठराव अपुरा वाटला तर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीने तो परस्पर फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा. हे कलम दाखवणारा माणूस जवळ असणं, एवढ्यावर अनेक दावे तरतात.

पट्टा आला म्हणजे पैसा आला असं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचा हक्क २००९ साली मान्य झाला. बांबू विकून बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं एप्रिल २०११मध्ये, तेही केंद्रीय मंत्री गावात आल्यावर.

तेंदूत गणित आणखी बारीक. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची गोणी. उन्हाळ्यात जेमतेम पंधरवड्याचा हंगाम, त्यात गारपीट झाली की पान गेलं. म्हणून करार तोडणीच्या बराच आधी हवा. गोणीचा दर लिहिला आणि बाकीचं तोंडी ठेवलं की ठेकेदार मजुरी देतो, माल उचलतो आणि उरलेल्या रकमेसाठी पावसाळाभर फोन उचलत नाही. तेव्हा अनामत किती, मजुरी कोणत्या दिवशी, उरलेली रक्कम भरल्याशिवाय गोदामातून माल हलणार नाही, पावसाचं नुकसान कोणाचं, हे सगळं करारात यायला हवं. एकट्या गावाला हे रेटणं जड जातं. गडचिरोलीतल्याच कोरचीत ग्रामसभांनी महाग्रामसभा, म्हणजे आपला संघ, बांधली ती अशाच कामांसाठी.

संस्थांवर माझा खरा आक्षेप वहीबद्दल आहे. फळीवरची, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागेवरची, रोजची आवक, कोणाचे किती पुडे, मजुरी, शिल्लक हे संस्थेचा कार्यकर्ता लिहितो, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि काम पटकन होतं. पुढे प्रकल्पाचा निधी संपतो, कार्यकर्ता जातो आणि वही ठेकेदाराच्या मुन्शीकडे येते. पहिल्या हंगामापासून गावातल्या बारावी झालेल्या दोघांनी लिहावी, एक मुलगी असावी. चुका होऊ द्याव्यात, दर आठवड्याला ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. बँक खात्यावर संस्थेच्या माणसाची सही नको, मागितली तरी देऊ नये.

असं केल्यावर ग्रामसभा कधीकधी संस्थेच्या आराखड्याबाहेरचंही ठरवते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपान तोडणंच बंद केलं. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि शेवटी त्याची विडीच होते. गावाने बांबूवर भर दिला. तेंदूची फळं आता झाडावर पिकतात, पोरं खातात, पाखरंही खातात.