एक लाख तासांचा एमटीबीएफ ही अकरा वर्षांची हमी नव्हे

कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्यात चार विधाने आहेत. एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधील सरासरी काळ, एक लाख तास असलेला पंप अकरा वर्षे बिघडत नाही. बेअरिंगचे आयुष्य कॅटलॉगच्या सूत्रातून नेमके काढता येते. ठरलेल्या तासांनी यंत्र उघडून भाग बदलले की ब्रेकडाऊन टळतो. आणि कंपनाचे सेन्सर आल्यामुळे आता बिघाडांच्या नोंदी ठेवण्याची गरज उरलेली नाही. चारही विधाने ऐकायला पटतात, आणि त्यांच्या आधारे सुट्या भागांची खरेदीही ठरते, म्हणून ती एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

एक लाख तास हा आकडा काढण्यासाठी कोणी एखादा पंप अकरा वर्षे चालवून पाहिलेला नसतो. हजार पंप प्रत्येकी हजार तास चालले आणि त्यांत दहा बिघाड झाले, तरी भागाकार एक लाखच येतो; पुढच्या नव्व्याण्णव हजार तासांत त्यांचे सील, म्हणजे गळती रोखणारा भाग, कसे झिजेल, याविषयी त्या भागाकारात काहीही नसते. बिघाडाचा दर कायम एकसारखा राहतो असे मानले, तरी शंभर पंप अखंड चालवणाऱ्या कारखान्याला पहिल्याच वर्षी आठ-नऊ बिघाडांची तयारी ठेवावी लागते, आणि एक लाख तास पूर्ण होईपर्यंत एकदाही न बिघडलेले पंप शंभरात सुमारे ३७ उरतात. शिवाय एकसारख्या दराचे हे गृहीतक मुख्यतः इलेक्ट्रॉनिक भागांच्या हिशेबातून आलेले आहे. यांत्रिक भाग झिजतात, थकतात, गंजतात. म्हणूनच अमेरिकी नौदलाने यांत्रिक उपकरणांसाठी जी स्वतंत्र हस्तपुस्तिका केली, तिच्यात सीलचा मूळ बिघाड-दर तापमान, द्रवाची दाटी, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि द्रवातील कचरा अशा घटकांनी गुणून घ्यावा लागतो.

बेअरिंगच्या सूत्राबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. सूत्र आहे आणि ते उपयोगीही आहे, पण त्यातून निघते ते ‘एल-१०’ आयुष्य, म्हणजे एकाच प्रकारच्या, एकाच भाराखालील बेअरिंगांपैकी दहा टक्के ज्या काळापर्यंत गेलेली असण्याची अपेक्षा आहे तो काळ. आपल्या हातातील बेअरिंग त्या दहांतले की उरलेल्या नव्वदांतले, हे सूत्र सांगत नाही. बॉल बेअरिंगसाठी हे आयुष्य बेअरिंगची क्षमता आणि प्रत्यक्ष भार यांच्या गुणोत्तराच्या घनाइतके दशलक्ष फेरे असते. गुणोत्तर दहा असेल, तर मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर सुमारे ११,५७० तास मिळतात. पट्टा जास्त ताणल्यामुळे भार वीस टक्क्यांनी वाढला, तर तेच आयुष्य ६,७०० तासांवर येते. ग्रीसमध्ये गेलेली धूळ किंवा पाणी या साध्या सूत्रात धरलेले नाही, आणि बरीच बेअरिंगे त्यानेच जातात.

यंत्र वेळच्या वेळी उघडावे, हा सल्ला सर्वांत जास्त पटतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागात काम करणाऱ्या सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाला असे आढळले, की विमानांची नियमित तपासणी झाल्यानंतर लगेच अनपेक्षित दुरुस्त्या वाढत. वॉडिंग्टन मूळचे जीवशास्त्रज्ञ होते; कदाचित म्हणूनच त्यांनी ‘तपासणी चांगलीच असते’ हे आधीच मान्य केले नसावे. पुढे युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात विमानांच्या घटकांपैकी केवळ ११ टक्क्यांत वयानुसार बिघाड वाढताना दिसला, तर ६८ टक्क्यांत तो बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातच जास्त होता.

याचे कारण कोणत्याही पंपाच्या ओव्हरहॉलमध्ये पाहायला मिळते. शाफ्टवर चढवायचे बेअरिंग बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून बसवले, की तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या ज्यावरून फिरतात त्या मार्गावर बारीक खळगे पडतात. मेकॅनिकल सीलच्या घासून सपाट केलेल्या पृष्ठभागाला कचरा चिकटला, की सील पहिल्या दिवसापासून गळते. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणे, डायल गेजऐवजी पट्टीने पाहिले, तर नवे बेअरिंग जुन्यापेक्षा लवकर जाते. अर्थात विमानांची टक्केवारी जशीच्या तशी आपल्या कारखान्याला लावणेही चूकच ठरेल. साखर कारखान्यात उसाबरोबर माती-वाळू येते आणि मिलच्या रोलरची दाते हंगामभर झिजतात. ऑफ-सीझनला ती पुन्हा दुरुस्त करणे रास्तच आहे. मात्र त्याच वेळी नीट चालणारा प्रत्येक पंप केवळ सवड आहे म्हणून खोलणे रास्त नाही.

सेन्सरविषयी थोडक्यातच सांगता येईल. कंपनावरून सुरू झालेला दोष ओळखता येतो, आणि ते मोलाचे आहे. पण अद्याप सुरूच न झालेल्या दोषाची तारीख त्यावरून निघत नाही.

नोंदींची गरज तर उलट वाढलेली आहे. भाग किती तासांनी बिघडतात याचे गणित मांडणाऱ्या, स्वीडिश अभियंता वायबुल यांच्या वितरणात आकार दाखवणारा जो घातांक असतो, तो एकापेक्षा कमी आला तर दोष बसवण्यात किंवा मालात शोधावा, एकाच्या आसपास असेल तर वय पाहून भाग बदलण्यात फायदा नाही, आणि स्पष्टपणे एकापेक्षा मोठा असेल तरच ठरलेल्या तासांना बदलणे विचारात घ्यावे. हा घातांक काढण्यासाठी रजिस्टरमध्ये ‘बेअरिंग गेले, बदलले’ एवढे लिहून भागत नाही. किती तास चालले, कोणते कडे गेले, खळगे होते की जळाल्याचा डाग, हे लिहावे लागते. चांगल्या अवस्थेत काढलेल्या आणि अजून चालू असलेल्या भागांचे तासही त्याच वहीत हवेत, कारण ते वगळून केवळ गेलेल्या भागांची सरासरी काढली, तर आयुष्य प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आणि खरेदीची यादी त्या चुकीच्या आकड्यावर तयार होते.