मावणारा माणूस

माणसानं बारीक असावं, पण नातेवाइकांच्या विमानात मावेल इतकं नसावं.

आमचे भावजी पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा ताईला वाटलं, आता घरात लक्ष घालतील. घातलं, पण फक्त गॅरेजात. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या त्या गॅरेजातून स्कूटर बाहेर पडली आणि दोन माणसांचं विमान खोक्याखोक्यांनी आत आलं. पत्रे ठोकले जात होते तोवर मी प्रेक्षक. वायरिंगची वेळ आली तेव्हा भावजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "तू मावशील."

म्हणजे कसं? पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं पॅनेलखाली, रडरच्या पेडलांमध्ये. हातातून सुटलेला नट तिथे हमखास नाकावर पडतो. नाकावर पडला नाही तर आणखी वाईट. विमानात हरवलेला नट 'जाऊ दे' म्हणून सोडता येत नाही, उडताना कुठल्या दांड्यात अडकेल सांगता येत नाही. म्हणून आधी नट, मग चहा.

वायरीसाठी मी महाराणी रोड गाठला आणि ऐटीत 'बावीस नंबर' मागितली. वायरीच्या जाडीच्या या अमेरिकी नंबरांत आकडा वाढला की वायर बारीक होते, आणि आपल्याकडे तर सगळा हिशेब चौरस मिलीमीटरचा. "भिया, लगाना कहाँ है?" दुकानदारानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यानं अत्यंत आदबीनं खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिला. शेवटी घरगुती पीव्हीसीची वायर आणली, तर भावजींनी ती दारातूनच परत पाठवली. ती जळली की धूर विषारी, आणि हवेत पळून जायला अंगण नसतं. टेफझेलची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं वेष्टण असलेली वायर परदेशातून आली.

मग मी माझं सोल्डरिंग बाहेर काढलं, शाळेपासूनची एकमेव कला. तीही नामंजूर. कथिल तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमका तिथेच तुटतो. म्हणून टोकं पकडीनं क्रिंप करायची, म्हणजे धातूच्या टोपणात घट्ट दाबून बसवायची. हे मला पटलं, पण कलेचा अपमान झाला तो झालाच.

खरा छळ रबर लावलेल्या क्लॅम्पांचा. वायरींच्या जुडग्याला मिठी मारायची, दोन्ही कान दाबून एकत्र आणायचे, त्यांतून बोल्ट घालायचा आणि मागून, न दिसणाऱ्या जागी, नट लावायचा. याला तीन हात लागतात. मी तिसरा म्हणून दात वापरले.

तीन आठवड्यांनी भावजींनी मास्टर स्विच दाबला. काही जळलं नाही. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी होकायंत्राचा दिवा लावला आणि तबकडी सावकाश वळली. विझवला, परत आली. म्हणजे रात्री उज्जैनला निघालेला माणूस देवासच्या बाजूला सरकणार! वायरीतल्या विजेनं चुंबकसुई हलते, हे ओर्स्टेड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाला 1820 साली दिसलं होतं. त्याचं नाव झालं, मला शिव्या बसल्या.

"अर्थिंग कुठे दिलंस?"

सगळ्यांचं अर्थिंग फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्या मधल्या भिंतीवरच्या, एकाच पट्टीवर न्यायचं ठरलं होतं. दिव्याचं मी आळसानं जवळच्या पत्र्याला टेकवलं होतं. आता येणारी आणि जाणारी वायर एकमेकींना पीळ घालून न्यायची, म्हणजे दोघींचं चुंबकत्व एकमेकींत जिरतं. त्यासाठी क्लॅम्प सोडायचे. अकरा.

ताई पोहे घेऊन आली. शेव भुरभुरताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "थोडा भरलास का रे?"

"हो ना," मी आशेनं म्हटलं.

भावजींनी माझ्यापुढची बशी उचलली.