‘कूलर बसवला की ऑइल प्रेशर पडणारच’ हे खरं नाही

गाडीला ऑइल कूलर (इंजिनाचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर) बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: कूलर लावला की ऑइलला लांबचा फेरा पडतो, त्यामुळे प्रेशर कमी होणारच, घाबरू नका. एक ग्रेड जाड ऑइल भरा. तेवढ्यानं भागलं नाही तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर मर्यादेपलीकडे गेलं की उघडून जादा ऑइल परत सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर घाला. प्रेशर गेजचा काटा उलट वर गेला असेल तर कूलर झकास काम करतोय असं समजा. आणि लाल दिवा लागत नाही तोवर गाडी बिनधास्त चालवा.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यावर विसंबून माणसं बिघाड अंगावर घेऊन गाडी पळवतात आणि भोगावं लागतं ते बेअरिंगांना. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लांबच्या फेऱ्यात प्रेशर संपतं’

सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. गाडीचा ऑइल पंप दर फेऱ्याला ठरावीक मापाचं ऑइल पुढे ढकलतो. प्रेशर पंपात तयार होत नाही. ढकललेलं ऑइल क्रँक आणि कॅमच्या बेअरिंगांच्या बारीक फटींतून बाहेर पडताना अडतं, म्हणून प्रेशर उभं राहतं. कूलर याच वाटेवर, एकापुढे एक जोडलेला असतो. त्याच्या नळ्यांत ऑइलला थोडा अडथळा होतो, तेव्हा पंप आणि कूलर यांच्या मधलं प्रेशर थोडं वाढतं. पण रिलीफ व्हॉल्व्ह बंद आहे तोवर पंपानं दिलेलं जवळपास सगळं ऑइल पुढे जातंच, त्याला दुसरी वाट नसते. बेअरिंगांना पूर्वीइतकंच ऑइल मिळतं, म्हणून मुख्य गॅलरीतलं (बेअरिंगांना ऑइल पोचवणाऱ्या ब्लॉकमधल्या मुख्य वाटेतलं) प्रेशरही जवळपास तेवढंच राहतं.

इंजिन गरम आणि आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असताना नेमकी हीच स्थिती असते, रिलीफ व्हॉल्व्ह बंद. तेव्हा कूलर बसवल्यानंतर गरम आयडलचं प्रेशर १.५ बारवरून ०.७ वर आलं, तर त्याचा दोष फेऱ्याच्या लांबीला देता येत नाही.

व्हॉल्व्ह उघडल्यावर मात्र चित्र बदलतं. थंड इंजिन किंवा चढे आरपीएम असताना पंपाच्या तोंडाशी प्रेशर समजा ५ बारवर थांबलं आणि कूलर-होजनी त्यातलं अर्धा बार खाल्लं, तर गॅलरीत ४.५ पोहोचेल. एवढी घट समजण्यासारखी आहे. (काही इंजिनांत रिलीफ व्हॉल्व्ह गॅलरीतल्या प्रेशरवरच चालतो, तिथे हीसुद्धा सहसा दिसत नाही.) घट मोठी असेल तर वाट अरुंद आहे, आणि इथे होजच्या भोकाला फार महत्त्व आहे. दाट द्रव संथपणे वाहताना अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात वाढतो. १३ मिलिमीटरच्या जागी १० चा होज घातला की अडथळा जवळपास तिप्पट होतो. काटकोनी जोड, वळणावर दुमडलेला होज, आतून सोललेलं रबर हे वेगळंच.

म्हणून ‘प्रेशर पडलं’ एवढ्यावर मी कुणालाही उत्तर देणार नाही. कधी पडलं, ते हवं. फक्त चढ्या आरपीएमवर पडत असेल तर होज, जोड, कूलर आणि रिलीफ व्हॉल्व्ह बघा. वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतोय, बहुधा ऑइल कमी आहे म्हणून. रिकाम्या कूलर आणि होजमध्ये अर्धा ते एक लिटर ऑइल सहज मावतं. पहिल्यांदा इंजिन चालू करून बंद केल्यावर डिपस्टिक बघून ते भरायचं राहून जातं. फक्त गरम आयडलवर पडत असेल तर कूलरबरोबर आणखी काय बदललं ते आठवा. बहुतेक जण त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टरही बदलतात. ग्रेड पातळ झाली असेल तर काटा खाली येणारच.

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात उलटी झाली आहे. गरम ऑइल पातळ होतं. एसएई ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो. १३० अंशांना तो जवळपास निम्म्यावर येतो. दमवून चालवलेल्या गाडीत कूलरनं ऑइल १३० वरून १०५ वर आणलं, तर गरम आयडलचं प्रेशर पूर्वीपेक्षा चांगलं दिसायला हवं.

‘काटा वर गेला म्हणजे उत्तमच’

आधी गेजचा सेंडर (प्रेशर मोजून गेजला कळवणारा भाग) कुठे आहे ते बघा. कूलर जोडायला फिल्टरखाली सँडविच प्लेट (फिल्टर आणि ब्लॉक यांच्या मधली, होज जोडायची चकती) बसते आणि तिच्यावर सेंडरसाठी आयतं भोक मिळतं. ते कूलरच्या आधीच्या बाजूला असेल, तर वाढलेला आकडा कूलरचा अडथळा दाखवतो. बेअरिंगांपर्यंत काय पोहोचलं, याचा त्यात पत्ता नसतो.

एक वायरचा सेंडर आपल्या आट्यांतूनच अर्थिंग (विजेची परतीची जोडणी) घेतो. प्लेटवर बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली, किंवा प्लेटच रबरी रिंगांवर बसून इंजिनापासून विजेच्या दृष्टीनं सुटी पडली, की अर्थिंग कच्चं होतं आणि सर्किटमध्ये जादा ओहम येतात. १० ते १८० ओहमच्या सेंडरमध्ये ओहम वाढले की काटा वर जातो. २४० ते ३३ ओहमच्या सेंडरमध्ये तो खाली येतो. म्हणजे एकाच चुकीनं एकाला प्रेशर जास्त दिसतं, दुसऱ्याला कमी, आणि दोघांच्याही इंजिनात काहीच बदललेलं नसतं. एका जातीच्या गेजला दुसऱ्या जातीचा सेंडर जोडला तर आकड्यांना काही अर्थच उरत नाही.

आकडा खरा असेल तरी ऑइल गरजेपेक्षा थंड राहत नाही ना, ते तपासा. थर्मोस्टॅट नसलेल्या प्लेटवर मोठा कूलर लावला तर रोजच्या चालवण्यात ऑइल ६०-७० अंशांवरच रेंगाळतं. दाट असल्यानं प्रेशर भरघोस दिसतं, पण ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही. ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत राहायला हवं. म्हणून ८० अंशांच्या आसपास उघडणारी थर्मोस्टॅटची प्लेट घ्या, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

‘जाड ऑइल भरा’

यानं आकडा सुधारतो, कारण तसाच राहतो. जाड ऑइल फटींतून अवघड जातं म्हणून काटा चढतो. रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्यावर तर बेअरिंगांना कमी मिळतं आणि जास्त ऑइल परत संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडतं. थंडीत फिल्टरचा बायपास (फिल्टरला वळसा घालणारी वाट) उघडून न गाळलेलं ऑइल पुढे जाण्याची शक्यताही वाढते. गाडीच्या पुस्तिकेत कष्टाच्या वापरासाठी जाड ग्रेड सांगितली असेल तर ती जरूर वापरा. पण बिघाड शोधण्याआधी नको.

‘स्प्रिंगखाली वॉशर घाला’

गरम आयडलवर व्हॉल्व्ह बंदच असतो, तेव्हा तिथे वॉशरनं काडीचाही फरक पडत नाही. वाढते ती फक्त वरची मर्यादा, म्हणजे थंड इंजिनात फिल्टरच्या रिंगेवर आणि नव्या होजच्या जोडांवर येणारा ताण. हा उपाय करूच नका.

‘दिवा लागत नाही तोवर चिंता नाही’

सर्वांत घातक वाक्य हे. दिव्याचा स्विच बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या आसपास लागतो. ४,००० आरपीएमवर प्रेशर ०.८ बार असेल तर असा दिवा विझलेलाच राहील आणि बेअरिंगं मात्र धातूवर धातू घासायच्या वाटेवर असतील. दिवा लागलाच तर इंजिन त्याच क्षणी बंद करायचं, पुढच्या वळणापर्यंतही न्यायचं नाही.

मग खात्री कशी करायची? मुख्य गॅलरीच्या भोकाला मेकॅनिकल गेज लावा. गरम आयडलवर आणि ३,००० आरपीएमवर आकडा घ्या, ऑइलचं तापमानही लिहून ठेवा. मग सँडविच प्लेट काढून फिल्टर थेट ब्लॉकवर बसवा (प्लेटचा लांब बोल्ट असेल तर मूळचा घाला, जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिलेली नाही ना ते बघा), ऑइलची पातळी पुन्हा जमवा आणि त्याच तापमानाला तेच आकडे परत घ्या. दोन्ही वेळचे आकडे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघा, कारण आजच्या काही इंजिनांत पंपच प्रेशर कमीजास्त करतो. प्लेट काढल्यावर आकडे सुधारले तर दोष कूलरच्या जोडणीत आहे. नाही सुधारले तर कूलर बाजूला ठेवा आणि संप उतरवून पिकअपची (पंप ऑइल ओढतो त्या नळीची) जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, पंप आणि बेअरिंगं याच क्रमानं बघा.