वाइन, दारू आणि द्राक्षबागायतदाराचे मत

नोकरीनिमित्त स्पेनमधल्या बिल्बाओत राहत असल्याने रिओहा या वाइनच्या प्रदेशात मी पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे. परंतु या वेळी सोबत दिंडोरीचे माझे द्राक्षबागायतदार काका होते, आणि त्यांच्या एका प्रश्नामुळे आपल्याकडच्या वादाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे आणि यात शेतकऱ्याचेच हित आहे, असे समर्थक सांगत होते, तर अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता.

रिओहातले लाग्वार्दिया हे टेकडीवरचे तटबंदीचे गाव आतून इतके पोखरलेले आहे, की जमिनीखालच्या तळघरांना धोका नको म्हणून गावात मोटारी येऊ देत नाहीत. अशाच एका तळघरात बागायतदाराच्या कुटुंबाने जुनी पद्धत दाखवली: देठांसकट अख्खे घड हौदात टाकायचे, न फुटलेल्या मण्यांच्या आतच आंबणे सुरू होऊ द्यायचे आणि नंतर ते पायांनी तुडवायचे. ही वाइन ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवत नाहीत, ती ताजीच पितात. तिथून जवळच वास्तुकार कालात्रावा यांनी बांधलेली इसिओस ही वायनरी डोंगररांगेसारखे लाटदार छप्पर मिरवते, आणि एल्सिएगो गावात १८५८ च्या मार्केस दे रिस्काल वायनरीशेजारी वास्तुकार गेरी यांचे गुलाबी, सोनेरी, चंदेरी पत्र्यांचे हॉटेल उभे आहे. काका या दिमाखाने फारसे भारावले नाहीत (नाशिकच्या गंगापूर धरणाकाठी वाइन चाखणाऱ्यांची गर्दी त्यांनी पाहिलेली आहे). त्यांनी एवढेच विचारले, “द्राक्षाचा भाव कोण ठरवतो?”

भाव इथेही करारानेच ठरतो. मात्र रिओहाचे नियम करणाऱ्या संस्थेत निम्मी मते द्राक्ष पिकवणाऱ्यांच्या संघटनांची आणि सहकारी संस्थांची, तर निम्मी वायनरीवाल्यांची असतात, त्यामुळे हेक्टरी किती पीक घ्यायचे हे बागायतदाराला वगळून ठरवता येत नाही. आपल्याकडच्या वादात नेमके हेच कोणी विचारले नाही. खाण्याची द्राक्षे विकली गेली नाहीत तर निदान त्यांचा बेदाणा करता येतो. वाइनच्या बारीक, बियाळ द्राक्षाला मात्र वायनरीखेरीज दार नाही. २००८ नंतरच्या मंदीत नाशिककडच्या अनेक वायनऱ्यांनी माल उचलणे थांबवले, तेव्हा कित्येकांना बागा उपटाव्या लागल्या. उसाला निदान कायद्याने ठरलेला किमान दर आहे. वाइनच्या द्राक्षाला तसा आधार नसताना, दुकानातले एक कपाट वाढल्याने शेतकऱ्याचे भले होईल, हे मला पटत नाही.

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे तर इथे कोणी म्हणणारही नाही, कारण बाटलीवर साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल स्पष्ट छापलेले असते. दुसरीकडे, सुपरमार्केटच्या फळीवर वाइन दिसली की समाज बिघडतो, असेही इथे राहून म्हणता येत नाही. अर्थात, व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी गावात पाहिली आहेत, त्यांच्या भीतीला माझ्या बिल्बाओच्या अनुभवाने उत्तर मिळत नाही, हेही मला मान्य आहे.

रिओहात सारे आलबेल आहे असेही नाही. खप घटल्याने अलीकडे कच्चे घड तोडून टाकण्यासाठी अनुदान द्यावे लागले. तळघरातल्या त्या वृद्ध बागायतदाराने आपले बागायतदार म्हणून मिळालेले कार्ड काढून दाखवले. त्याच्यावर नोंदलेली लाल द्राक्षांची मर्यादा हेक्टरी ६,५०० किलो होती. काकांनी बोटांवर हिशेब केला आणि एकरी जेमतेम २६ क्विंटल ऐकून मला पुन्हा एकदा विचारून घेतले, कारण त्यांच्या बागेत याच्या तिप्पट-चौपट माल निघतो. “भाव पडला की परवडत नाही,” म्हातारा म्हणाला, “पण बैठकीत जाऊन भांडता येते.” हे भाषांतर करून सांगितल्यावर काकांनी ते कार्ड परत मागून घेतले आणि त्याचा फोटो काढला.